न आलेलं रीडिंग म्हणजे कोरडं पान नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या पंधरवड्यात तुमच्या शेतीच्या पानावर बागेतल्या सेन्सरबद्दल जे आलं होतं ते दोनदा वाचलं, चांगलं होतं, आमच्या ग्रुपवर पण फिरलं. पण त्यात एक गोष्ट कुठेच नव्हती आणि नेमकी ती माहीत नसल्यामुळे माझं एकरभर नुकसान झालंय, म्हणून हे पत्र लिहितोय. सेन्सर जे मोजतो आणि आपल्याला मोबाईलवर जे दिसतं त्याच्या मधे एक वाट असते. त्या वाटेत रीडिंग हरवतात. किती हरवतात, कधी हरवतात आणि हरवलेल्याच्या जागी ॲप काय दाखवतं हे कोणी विचारत नाही, विकणारा सांगत नाही.

मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. साडेचार एकर बाग आहे, आणि शेतीत पूर्ण उतरायच्या आधी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून सात वर्षं सातपूरला एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो, त्यामुळे डबा उघडून आत काय आहे ते बघायची सवय आहे. तीन वर्षांपूर्वी बागेत ११ नोड, म्हणजे सेन्सर आणि रेडिओ असलेले डबे, बसवून घेतले. प्रत्येक नोडला तापमान, आर्द्रता आणि पानाचा ओलावा मोजणारे सेन्सर, दर १५ मिनिटांनी एक रीडिंग. प्रत्येक नोडला वेगळं सिमकार्ड परवडत नाही म्हणून जाळं असतं त्याचं, मेश म्हणतात. लांबचा नोड आपलं रीडिंग शेजारच्याला देतो, तो पुढच्याला, असं हातोहात करत ते पंपाच्या खोलीतल्या गेटवेपर्यंत येतं आणि तिथून सिमवरून सर्व्हरला जातं. कल्पना चांगलीच आहे, एखादा नोड बंद पडला तर बाकीचे दुसरी वाट शोधतात, आणि आमच्याकडे खालच्या अंगाला जिथे मोबाईलला धड रेंज नाही तिथलंही रीडिंग येतं. मेशच्या विरोधात मी अजिबात नाही, आजही वापरतोय.

आता ज्यांची शेती पाटाच्या पाण्यावर आहे त्यांना पुढचं लगेच कळेल. हेडला सोडलेलं पाणी आणि टेलला पोचलेलं पाणी कधी एक असतं का? वाटेत मुरतं, झिरपतं, चारी फुटते. रेडिओच्या जाळ्याचंही तेच आहे. समजा एका टप्प्यात १०० पैकी ९० रीडिंग पुढे जातात, ऐकायला बरं वाटतं, पण दुसऱ्या टप्प्याला ८१ उरली, तिसऱ्याला ७३, आणि चौथ्या टप्प्यानंतर गेटवेला पोचली ६५-६६. म्हणजे बागेच्या टोकाचा जो नोड आहे, सगळ्यात लांबचा, खोलगटातला, जिथे दव जास्त वेळ राहतं आणि रोग पहिल्यांदा तिथेच दिसतो, त्याचीच एक तृतीयांश माहिती गायब. आणि गेटवेच्या शेजारचा नोड, ज्याची गरज कमी, तो मात्र दिवसभर व्यवस्थित.

यावर विकणारे सांगतात की पोचलं नाही तर नोड परत पाठवतो, रिट्राय असतो. असतो, खरंय. माझ्या नोडमध्ये तीन वेळा होता. पण ते तीन प्रयत्न दोन-तीन सेकंदात संपतात, आणि पावसात एखादी वाट बंद होते ती दोन सेकंदांसाठी नाही, अर्धा तास, तासभर होते. मग चौथा प्रयत्न नाही, रीडिंग टाकून दिलं, पुढचं रीडिंग घेतलं. दुसरी भानगड पोचेची. नऊ नंबरच्या नोडने सातला रीडिंग दिलं, सातने पोच दिली, की नऊ आपल्याकडचं पुसून टाकतो. पण ही पोच सातला मिळाल्याची आहे, गेटवेला मिळाल्याची नाही. त्यानंतर सात रीस्टार्ट झाला किंवा त्याच्याकडे इतकी गर्दी झाली की ठेवायला जागा नाही, तर ते रीडिंग कुणाकडेच राहत नाही आणि कुणाला पत्ताही लागत नाही. रजिस्टर पत्र टाकल्यावर पोस्टात मिळायची ती पावती वेगळी आणि ज्याला पाठवलं त्याच्या सहीची परत येणारी पोचपावती वेगळी, हे आपल्या आधीच्या पिढीला पक्कं माहीत होतं.

माझ्याकडे काय झालं ते सांगतो. ऑक्टोबर छाटणीनंतरची बाग, फुलोरा चालू. द्राक्षवाल्यांना सांगायला नको की या टप्प्यावर केवडा, म्हणजे डाऊनी, पान जास्त वेळ ओलं राहिलं की वाढणारा बुरशीचा रोग, घडावर उतरला तर पुढे काही हातात राहत नाही. रात्री नऊला भुरभुर सुरू झाली. सकाळी उठून आधी ॲप बघितलं, पानाचा ओलावा सव्वातीन तास, रोगाचा धोका कमी, हिरवा रंग. नाना, म्हणजे माझे वडील, बागेतून आले आणि म्हणाले पानं अजून हाताला ओली लागतायत, फवारणी घे. मी त्यांना ॲप दाखवलं. आठवड्याभरात टोकाच्या प्लॉटमध्ये पानांवर तेलकट डाग, पान उलटं केलं की खाली पांढरी बुरशी, आणि चार दिवसांत घडांवर. त्या एकरात जे गेलं ते गेलं.

नंतर मी सर्व्हरवरची कच्ची नोंद मागवून घेतली, खूप मागे लागल्यावर मिळाली, आणि वहीत एकेक ओळ उतरवून काढली. रात्री ९, सव्वानऊ, साडेनऊ अशी तीन रीडिंग ओली. मग थेट पहाटे पावणेसहा. तिथून आठपर्यंत दहा रीडिंग ओली. मधली ३२ रीडिंग नाहीतच. आणि ॲपने हिशोब कसा केला होता, तर आलेली ओली रीडिंग १३, गुणिले १५ मिनिटं, झाले सव्वातीन तास. जी रीडिंग आलीच नाहीत ती त्याने कोरडी धरली! पानं अकरा तासांच्या वर ओली होती. आर्द्रतेच्या आलेखात तर साडेनऊच्या ठिपक्यापासून पावणेसहाच्या ठिपक्यापर्यंत एक सरळ रेघ ओढलेली होती, इतकी व्यवस्थित की तिथे आठ तास काही मोजलेलं पोचलंच नाही अशी शंकाही कुणाला येऊ नये.

त्या रात्री झालं असं होतं की पावसाने लाईट गेली, पंपाच्या खोलीतल्या गेटवेला बॅटरी नव्हती, तो बंद पडला, आणि नोडमध्ये रीडिंग साठवायची सोयच नव्हती. ते बिचारे रात्रभर मोजत होते, तीनदा हाक मारत होते आणि टाकून देत होते. माझं सगळ्यात मोठं म्हणणं इथेच आहे. ही गळती अशी विखुरलेली नसते, की आज इथलं एक गेलं उद्या तिथलं एक गेलं. पाऊस आला की लाईट जाते, पाऊस आला की पानं ओली होतात आणि ओल्या पानांतून रेडिओ जात नाही, म्हणजे ज्या रात्री आपल्याला माहिती हवी असते नेमकी त्याच रात्री ती जाते. बसवून देणाऱ्यांना फोन केला तर त्यांनी सांगितलं की तुमचं नेटवर्क वर्षभरात ९१ टक्के चालू आहे. असेल. उन्हाळ्यातल्या कोरड्या पानांची ९१ टक्के रीडिंग घेऊन मी काय करू, मला फुलोऱ्यातली ती एक रात्र हवी होती.

त्यानंतर मी महिनाभर रोज मोजलं. प्रत्येक रीडिंगला नोड एक अनुक्रमांक लावतो, त्यामुळे मधला कुठला आकडा नाही हे बघितलं की किती गळलं ते समजतं, फार अवघड नाही. दिवसाला ९६ रीडिंग यायला हवीत. एक नंबरच्या नोडची ९५-९६ यायची, नऊ नंबरची कोरड्या दिवशीसुद्धा ६१-६२. एका संध्याकाळी टॉर्च घेऊन वाट तपासत गेलो, नऊ, मग सात, मग चार. सातचा डबा उघडला तर झाकणाचं रबर एका कोपऱ्यात बसलेलंच नव्हतं, आत मुंग्यांची माती, आणि अँटेनाच्या पिनेवर पाण्याचा थेंब आणि त्याखाली हिरवट गंज. आणि मुख्य म्हणजे अँटेना पानांच्या आत होता. हे नोड बसवले एप्रिलमध्ये, खरड छाटणी झाल्या झाल्या, तेव्हा वेलीवर पान नाही, एका टोकाहून दुसरं टोक दिसतं, डेमो मस्त झाला. ऑक्टोबर छाटणीनंतरचा भरलेला मांडव म्हणजे पाण्याने भरलेल्या पानांची भिंत असते आणि त्यात लोखंडी अँगल आणि तारांचं जाळं. माझे नोड २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, घरातल्या वायफायचीच पट्टी, या लहरी ओल्या पाल्यात लवकर मरतात. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झची पट्टीही विनापरवाना वापरता येते, ती पाल्यातून बरीच बरी जाते, पण हा प्रश्न विकत घेताना मला कोणी सांगितला नाही आणि मलाही सुचला नाही.

एक अजून सापडलं. नऊ नंबर कधीकधी सातला सोडून एकदम दोनला पकडायचा, कारण त्याला शिकवलेलं होतं की टप्पे जितके कमी तितकी वाट चांगली. पण लांबची उडी म्हणजे कमजोर उडी, ती कधी लागते कधी नाही. अमेरिकेत एमआयटीच्या लोकांनी केंब्रिज शहरात घरांच्या छपरांवर रूफनेट नावाचं असंच जाळं उभारलं होतं, त्यांच्याही हेच लक्षात आलं की बऱ्याचशा वाटा पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद अशा नसतात, अधल्यामधल्या असतात, म्हणून त्यांनी २००३ मध्ये वाट निवडायचं वेगळं माप मांडलं, टप्पे मोजू नका, रीडिंग पोचवायला सरासरी किती वेळा पाठवावं लागेल ते मोजा. हे होऊन वीस वर्षं उलटली. तरी माझ्या बागेत टप्पेच मोजणारा माल बसला.

आणि हे फक्त माझ्या बागेत झालं असंही नाही. नेदरलँड्समध्ये २००५ साली बटाट्याच्या शेतात शंभराच्या आसपास नोडचं जाळं लावलं होतं, उद्देश माझ्यासारखाच, बटाट्यावरच्या करप्याचा अंदाज घ्यायचा. अपेक्षित माहितीपैकी हाती किती आली तर २ टक्के. त्या संशोधकांनी ते लपवलं नाही, काय काय चुकलं ते सविस्तर लिहून छापलं, सॉफ्टवेअरमधल्या चुका, नीट जुळून न आलेले भाग, सगळं. त्याच वर्षी इक्वेडोरमध्ये रेव्हेंतादोर ज्वालामुखीवर १६ नोड १९ दिवस लावले होते, तिथे नोडमध्ये साठवण होती, स्फोटाची नोंद नोडमध्येच ठेवायची आणि मग गेटवेने ती मागून घ्यायची. तिथेही खालच्या मुख्य केंद्रावरची वीज जाणं हे एक मोठं दुखणं निघालं, म्हणजे डोंगरावरचे नोड शाबूत आणि खोलीतला कॉम्प्युटर बंद. वाचून मला माझी पंपाची खोलीच आठवली. आपल्याकडेही आयआयटी मुंबईच्या लोकांनी नाशिकलाच सुला वाइनयार्डमध्ये वायरलेस सेन्सरचं जाळं लावून काम केलेलं आहे, म्हणजे द्राक्षाच्या बागेत हे नवीन आहे, अजून शिकतोय, असं म्हणायची सोय कुणाला नाही.

उपाय काही अवघड नाहीत, हेच जास्त लागतं मनाला. एक रीडिंग म्हणजे वेळ, तापमान, आर्द्रता, ओलावा आणि अनुक्रमांक धरून १२ बाइट. दिवसाची ९६ झाली तर ११५२ बाइट. एका एमबीत ९०० दिवस, म्हणजे जवळजवळ अडीच वर्षांची माहिती मावते, आणि एवढ्या मेमरीची चिप ही सगळ्या नोडमधली किरकोळ किमतीची वस्तू आहे. नोडने रीडिंग स्वतःकडे ठेवावं, गेटवेकडून नाही तर सर्व्हरकडून पोच आल्याशिवाय पुसू नये, आणि वाट उघडली की राहिलेलं पाठवावं. आम्हाला उशीर चालतो हो. डाऊनीसाठी रात्री दहाचं रीडिंग सकाळी सहाला मिळालं तरी फवारणीचा निर्णय घेता येतो. गारपिटीचा किंवा आगीचा इशारा द्यायचा असता तर गोष्ट वेगळी, तिथे उशिरा म्हणजे वरातीमागून घोडं. पण या जाळ्याला घाई शिकवलेली असते, जुनं झालं टाकून द्या, आणि शेतीला बरोबर उलटं हवंय.

आणि ॲपने कृपा करून मोकळी जागा मोकळी दाखवावी. रेघ तुटलेली दाखवा, वर लिहा की इतक्या वाजल्यापासून इतक्या वाजेपर्यंत माहिती नाही, धोका सांगता येत नाही. शेतकरी काय ते ठरवेल, बागेत जाऊन पानाला हात लावून येईल. त्या सकाळी "माहिती नाही" एवढे दोन शब्द दिसले असते तर मी नानांचं ऐकलं असतं.

राज्य सरकारने २०२५ मध्ये महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलंय, म्हणजे सेन्सरवर आता सार्वजनिक पैसा येणार, गावोगाव गट करून बसवले जाणार. माझी कृषी खात्याला कळकळीची विनंती आहे की अनुदानाच्या अटीत नोडची संख्या आणि किंमत एवढंच लिहू नका. भर पाल्यात, पावसाळी आठवड्यात, सगळ्यात लांबच्या नोडची १०० पैकी किती रीडिंग पोचली ते बिलाला जोडायला लावा, सरासरी नको, नोडवार हवं. गेटवेला किमान एक रात्र पुरेल अशी बॅटरी सक्तीची करा. कच्ची नोंद शेतकऱ्याला मागता क्षणी मिळाली पाहिजे, ती त्याच्या बागेची आहे. फळपीक विम्यात हवामान केंद्राच्या आकड्यावर भरपाई ठरते, ती केंद्रं मेशवर नसली तरी प्रश्न तोच येतो, की ज्या तासाचा आकडा नाही तो तास कसा धरला. तेही उघड असावं. आणि एआय कितीही हुशार असलं तरी त्याला गळकी माहिती दिली तर ते गळक्या माहितीवरच सल्ला देणार, त्याला बागेत जाऊन पान बघता येत नाही.

तुमच्या पानाकडून पण एक अपेक्षा आहे. पुढच्या वेळी अशा बागेची यशोगाथा छापाल तेव्हा त्या शेतकऱ्याला एवढं जरूर विचारा, की टोकाच्या नोडची काल किती रीडिंग आली? त्याला सांगता आलं तर छापा, नाही आलं तर तसंही छापा.

माझ्याकडचं सांगायचं तर सातचा डबा बदलला, अँटेना जीआय पाईपवर मांडवाच्या वर दीड-दोन फूट काढले, ओलाव्याचा सेन्सर तेवढा वायर लांबवून पानातच ठेवला, नऊची रीडिंग ६१ वरून ८८ वर गेली. मुलीच्या कॉलेजातल्या दोन मुलांना हाताशी धरून नोडमध्ये मेमरी टाकून घेतली, आधी तीन नोडला, मग सगळ्या. गेटवेची बॅटरी मात्र या हंगामात छाटणी झाली तरी आली नव्हती, आणि परवा संध्याकाळी पावणेसातला पाऊस आला, लाईट गेली ती पहाटे पावणेसहाला आली. मी पंपाच्या खोलीत जाऊन लॅपटॉप उघडून बसलो. पहिली दोन मिनिटं काहीच नाही. मग एक नंबरची ओळ आली, चारची आली, आणि मग नऊ नंबरची रात्रभराची ४४ रीडिंग एकामागून एक उतरायला लागली, अनुक्रमांक लावून बघितले, मधला एकही आकडा चुकलेला नव्हता. पानं साडेनऊ तास ओली होती. सात वाजता फवारणी चालू केली.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार,
ता. निफाड, जि. नाशिक